खुलं पत्र: रात्रीचं रुग्णाला विचारू नका, शेजारी झोपणाऱ्याला विचारा

महाराष्ट्रातल्या सर्व मनोविकारतज्ज्ञांना, आणि त्यांच्या चिठ्ठीवर औषधं देणाऱ्या औषध दुकानदारांना,

सादर नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात शिवणकाम करते. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत. त्यांना बायपोलर, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी खोल उदासीत जाणारा आजार आहे, त्याला आता अकरा वर्षं झाली. पत्राखाली माझं नाव नाही, कारण कारखान्यात सगळ्यांना हा आजार माहीत नाही आणि मुलीचं लग्न व्हायचं आहे. दवाखान्यांची आणि डॉक्टरांचीही नावं घेत नाही. कुणा एकाला दोष देण्यासाठी हे लिहायला बसलेले नाही. गोळ्या चालू असताना झोपेत उठून चालण्याचं जे आमच्या घरात घडलं ते दुसऱ्या घरात घडू नये, एवढ्यासाठीच लिहिते आहे.

पौष महिना होता, गाळप ऐन भरात होतं. ह्यांची रात्रपाळी नुकतीच संपून दिवसपाळी लागली होती. आठवडाभराची झोप थकलेली. साडेदहाला जेवणानंतरच्या गोळ्या घेऊन आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले. बाराच्या सुमाराला मला जाग आली ती माझ्याच पायमशिनच्या आवाजानं. आधी वाटलं मुलगी काहीतरी शिवते आहे. बाहेरच्या खोलीत गेले, दिवा लावला. हे स्टुलावर बसून मशीन मारत होते. दोरा ओवलेला नव्हता, खाली कापड नव्हतं. सुई नुसती खालीवर होत होती आणि ह्यांचा डावा तळहात सुईपासून दोन बोटांवर होता. डोळे टक्क उघडे. मी समोर उभी राहिले तर माझ्याकडे पाहिलं, पण मी त्यांना दिसत नव्हते. म्हणाले, "टोळी नंबर सांगा." काट्यावर दिवसभर ऊसतोड टोळ्यांना हेच विचारतात ते. मी हात धरून उठवलं तर उठले, गुमान येऊन झोपले. सकाळी विचारलं तर हसले. मी शपथ घेतल्यावर हसू गेलं, आणि चहा संपेपर्यंत नुसते मशिनकडे बघत बसले.

पुढच्या दीड महिन्यात असं पाच-सहा वेळा झालं. एकदा पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात. एकदा गॅसचं बटण फिरवलेलं, पण लायटर सापडला नसावा. वासानं सासूबाई जाग्या झाल्या. आणि माघात एका रात्री कडी काढून, अनवाणी, कालव्याकडे निघून गेले. आमच्याकडे शेतीपंपाची लाईट रात्रीची येते. शेजारचा माणूस उसाला पाणी पाजायला निघाला होता, त्याला हे कालव्याच्या कडेनं चालताना दिसले. त्यानं हाक मारली, यांनी ओ दिली नाही. तो शहाणा, त्यानं धक्का न देता खांद्यावर हात ठेवून वळवून घरी आणलं. त्या रात्री लाईट दिवसाची असती तर मी आज हे पत्र वेगळ्या कपाळानं लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी झाली. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं अमावस्या जवळ आली की असंच होतं. सासूबाईंनी नारळ उतरवून टाकला. त्यांना मी नावं ठेवत नाही. आईचा जीव, आणि दुसरं काही कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आता तुमच्या खोलीत काय झालं ते सांगते. त्या महिन्याची तारीख होती. नऊला नंबर लावला, एकला आत गेलो. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "झोप कशी आहे?" हे म्हणाले, "एकदम मस्त, साहेब. पडल्या पडल्या लागते ती सकाळीच उघडते." डॉक्टरांनी केसपेपरवर झोप चांगली असं लिहिलं. हे खोटं बोलले नव्हते. त्यांच्या हिशेबी ते साडेदहा ते सहा झोपलेलेच होते. मी मागे फाइल धरून उभी होते. मला कुणी विचारलं नाही, आणि चारचौघांत नवऱ्याची लाज काढायला माझी जीभ रेटली नाही. शिवाय ह्याचा गोळ्यांशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मग मी डॉक्टरांना का सांगू? नारळ उतरवण्याची गोष्ट डॉक्टरांना सांगतात का?

डॉक्टरसाहेब, माझं सगळं म्हणणं या तीन मिनिटांवर आहे. ज्या त्रासाची रुग्णाला सकाळी आठवणच राहत नाही, तो त्रास तुम्ही रुग्णालाच विचारता. उत्तर दर वेळी "नाही" असंच येणार.

पुढचं माझ्याकडून चुकलं. एक पाहुणे म्हणाले, गोळ्यांनीच डोकं फिरलंय, बंद करून बघा. मी रात्रीच्या गोळ्या बंद केल्या. कुणाला न सांगता, सगळ्या एकदम. पहिले काही दिवस चालणं थांबलं आणि मला वाटलं, सुटलो. तीन आठवड्यांनी हे रात्री तीन वाजता उठून अंगण झाडायला लागले. या वेळी पूर्ण जागे होते. बोलणं थांबेना, दोन-दोन तास झोप पुरे म्हणायला लागले. एके दिवशी जुन्या ट्रॅक्टरचा विसार देऊन आले. त्यासाठी सासूबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. दहा दिवसांत भरती करावं लागलं. ट्रॅक्टर आला नाही, विसार परत मिळाला नाही.

भरती केलेल्या ठिकाणी एक शिकाऊ डॉक्टरबाई होत्या, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मला स्टूल ओढून दिलं आणि म्हणाल्या, "रात्री काय होतं ते तुम्ही सांगा. ते सांगू शकणार नाहीत." इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी मशिनपासून कालव्यापर्यंत सगळं सांगितलं. त्या एकेक विचारत गेल्या. झोप लागल्यावर किती वेळानं उठतात? तास-दीड तासात की पहाटे? डोळे उघडे असतात की मिटलेले? हातपाय झटकतात का, जीभ चावली जाते का, कपड्यात लघवी होते का? हे फिटचं विचारत होत्या. घोरताना मध्येच श्वास थांबतो का? पहाटे स्वप्नात मारामारी केल्यासारखे हात उगारतात का? आणि मग, लहानपणी झोपेत चालायचे का?

मी म्हटलं, मला काय माहीत, मी लग्नानंतरची. सासूबाई दाराशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हो की. सात-आठ वर्षांचा असताना रात्री उठून गोठ्यात जायचा आणि म्हशीला टेकून झोपायचा. वयात आल्यावर थांबलं." म्हणजे ज्या बाईनं नारळ उतरवला, उत्तर तिच्याचपाशी होतं. फक्त तिला विचारायला कुणी नव्हतं.

मग बाईंनी घरातल्या सगळ्या गोळ्या मागवल्या. मी पिशवी उलटी केली. लिथियम आणि क्वेटियापिन, ही ह्यांच्या आजारावरची औषधं, तुमच्यापैकी एकांनी दिलेली. तिसरी एक लहान गोळी निघाली. पाळी बदलली की झोप येत नाही म्हणून गावातल्या डॉक्टरांनी दिलेली, झोलपिडेम. ती आम्ही मनोविकारतज्ज्ञांना कधी दाखवलीच नव्हती. आम्हाला वाटायचं, झोपेची साधी गोळी आहे, ह्या आजाराची थोडीच आहे.

त्यांनी जे समजावलं ते मला अजून तोंडपाठ आहे. झोपेत चालणं हे स्वप्नात चालणं नसतं. रात्रीच्या पहिल्या भागात सगळ्यात गाढ झोप असते, तिच्यातून मेंदू अर्धवट वर येतो. पाय जागे होतात, माणूस झोपलेलाच राहतो. म्हणून डोळे उघडे, म्हणून सकाळी आठवत नाही. लिथियम ही गाढ झोप वाढवतं. त्यानं तहान आणि लघवीही वाढते, आणि भरलेली लघवी माणसाला त्या गाढ झोपेतून अर्धवट उठवायला पुरेशी होते. त्यात रात्रपाळीची साठलेली झोप, ती भरून निघताना गाढ झोप आणखी घट्ट होते. त्यावर क्वेटियापिन, त्यावर झोलपिडेम. आणि मुळात लहानपणाची ती सवय. बाई हेही म्हणाल्या, की अमुक एका गोळीनंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, सगळं मिळून झालेलं दिसतंय. मला हा खरेपणा फार भावला. त्यांनी झोलपिडेम काढली, क्वेटियापिनचं प्रमाण आणि वेळ बदलली, रात्रपाळी नको म्हणून कारखान्याला चिठ्ठी दिली. लिथियमला हात लावला नाही. त्या दिवसापासून आज दोन वर्षं होतील, हे एकदाही उठलेले नाहीत.

माझी मुलगी डी. फार्म., म्हणजे औषधनिर्माणाची पदविका करते. तिनं नंतर शोधून मला वाचून दाखवलं तेव्हा मला रडूच आलं, कारण यातलं काहीच नवीन नव्हतं. लिथियम आणि त्याच्या जोडीला मनोविकारावरची दुसरी औषधं घेणारे रुग्ण झोपेत उठून चालतात, हे १९७९ साली ब्रिटनमधल्या मनोविकाराच्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं होतं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. कॅनडात लिथियमच्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांना याबद्दल विचारलं गेलं, ते १९९९ मध्ये छापलं. शंभरात सातच्या आसपास लोक मोठेपणी झोपेत चालत होते. व्हॅल्प्रोएट हे याच आजारावरचं दुसरं औषध आणि झोलपिडेम एकत्र घेतल्यावर झोपेत चालणाऱ्या बायपोलरच्याच एका रुग्णाची नोंद २००३ ची आहे. ओलान्झापिन या मनोविकारावरच्या आणखी एका औषधाच्या आणि क्वेटियापिनच्या नोंदी आहेत. २०१८ मध्ये अशा सगळ्या नोंदी एकत्र करून तपासल्या, तेव्हा २९ औषधांची नावं निघाली, आणि सगळ्यात भक्कम पुरावा ज्यांच्याविरुद्ध होता त्यांत झोलपिडेम होतं. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं झोलपिडेम आणि तिच्या जातीच्या आणखी दोन गोळ्यांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. त्यांच्याकडे २६ वर्षांत ६६ गंभीर प्रकरणं आली होती, त्यांतली २० माणसं दगावली होती. एकदा जरी असा प्रकार झाला तरी त्या माणसाला ही गोळी पुन्हा देऊ नये, असं त्यात आहे.

आमच्या पिशवीत ती गोळी होती, आणि चौकट आम्ही कधी पाहिली नाही. पाहणार कुठून? मेडिकलवाले कात्रीनं पट्टी कापून दहा गोळ्या देतात. माहितीचा कागद खोक्यात राहतो, खोकं दुकानात राहतं. आणि तो कागद हाती आला तरी इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

मला कल्पना आहे, तुमच्यापैकी काहींना वाटत असेल की हे सगळं सांगत बसलं तर लोक गोळ्याच घेणार नाहीत. आधीच मनाच्या आजाराच्या गोळ्यांना लोक भितात. मी हात जोडून सांगते, आमच्या घरी उलट झालं. तुम्ही सांगितलं नाही म्हणून गोळ्या बंद झाल्या. "क्वचित कुणी झोपेत उठून चालतं, तसं झालं तर घाबरू नका, गोळ्या बंद करू नका, मला येऊन सांगा," एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी कानावर पडलं असतं, तर त्या मशिनच्या रात्रीनंतर मी दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरून तुमच्या दारात उभी असते. पाटल्या हातात राहिल्या असत्या. ह्यांचे भरतीचे तेवीस दिवस वाचले असते.

लिथियमच्या विरोधात माझा एक शब्द नाही, हे कृपा करून नीट वाचा. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी ते उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि त्याचा गुण १९४९ मध्ये छापून कळवला, आणि आज पाऊणशे वर्षांनंतरही या आजारात जीव वाचवणारं औषध म्हणून त्याचंच नाव घेतात. आत्महत्येचा विचार मागे सारणारं औषध आहे ते. ह्यांच्या आजाराच्या दुसऱ्या वर्षी आम्ही काय पाहिलं ते मी इथं लिहीत नाही, पण लिथियम सुरू झाल्यावर ते पुन्हा पाहावं लागलं नाही. म्हणूनच ते बंद होण्याचं कारण आमच्या हाती देऊ नका.

कायदाही हेच सांगतो, हे मला मुलीनं दाखवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २२ व्या कलमात लिहिलं आहे की, रुग्णाला आणि त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीला उपचारांची माहिती मिळण्याचा हक्क आहे, त्यांच्या माहीत असलेल्या दुष्परिणामांसकट, आणि तीही त्याला कळेल अशा भाषेत, कळेल अशा रीतीनं. प्रतिनिधी म्हणजे मी. कळेल अशी भाषा म्हणजे ही, ज्या भाषेत मी लिहिते आहे. कायद्याचं नाव मी तुम्हाला धाक घालायला घेत नाही. ओपीडीची गर्दी मी अकरा वर्षं बाकावर बसून पाहिली आहे, तुम्हाला पाणी प्यायला वेळ मिळत नाही हे पाहिलं आहे. पण एका वाक्याला किती वेळ लागतो? आणि दुसरा प्रश्न मागे उभ्या असलेल्या बाईला किंवा भावाला विचारायचा आहे, "रात्री उठतात का? लहानपणी उठायचे का?" इतकाच.

शक्य झालं तर पहिल्या भेटीत मराठीत छापलेला अर्धा कागद द्या. त्यावर हे असू द्या: झोपेत चालणाऱ्याला गदागदा हलवू नये, ओरडू नये, हलक्या आवाजात बोलत हात धरून अंथरुणावर आणावं. रात्री गॅसची टाकी रेग्युलेटरपाशी बंद करावी. दाराला वर, हात सहज जाणार नाही अशा जागी कडी लावावी. गाडीची किल्ली, विळा, कोयता नजरेआड ठेवावा. झोपेच्या गोळीवर दारू अजिबात नको. आणि गच्चीवर झोपू नये. हे शेवटचं शहरातल्या डॉक्टरांना कदाचित सुचणार नाही. आमच्याकडे फाल्गुन सरला की सगळं गाव माळवदावर नाहीतर स्लॅबवर झोपतं, आणि निम्म्या घरांच्या स्लॅबला कठडाच नसतो. मी त्या उन्हाळ्याचा विचार केला की अजून अंगावर काटा येतो. ह्यांचं चालणं पौषात सुरू झालं म्हणून बरं.

दुकानदार बंधूंनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून आम्ही झोपेची गोळी मागतो आणि तुम्ही ओळखीपोटी देता. त्यात तुमचा वाईट हेतू नसतो, आमची अडचण भागावी असंच तुम्हाला वाटतं. पण तुमच्या काउंटरवर एकाच माणसाच्या दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येतात, आणि त्या दोन डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नसतो. गावात दोन्ही चिठ्ठ्या पाहणारे तुम्ही एकटेच असता. लिथियम घेणाऱ्या घरात झोलपिडेम जाताना दिसली, तर "डॉक्टरांना विचारून या" एवढं म्हणा. आम्ही रागावलो तर रागावू द्या.

आणखी एक. आमच्या बाबतीत जे झालं त्याची नोंद कुठंच झाली नसती. डॉक्टरबाईंनी फॉर्म भरला म्हणून झाली. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे देशातल्या औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी जमा होतात, हे मला तेव्हा कळलं. वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांची केंद्रं आहेत. रुग्णाला किंवा घरच्यांनाही स्वतः कळवता येतं, मराठीतला फॉर्म आहे, १८००-१८०-३०२४ हा फुकटचा फोन नंबर आहे. तो नंबर तुमच्या वेटिंग रूमच्या भिंतीवर लावा. परदेशातल्या पाहण्या आम्ही किती दिवस वाचून दाखवायच्या? रात्रपाळी, उन्हाळा, दोन डॉक्टर, कापलेली पट्टी, हे आमच्याकडचं आहे आणि ते आमच्याच नोंदींतून कळेल.

हे पत्र एखाद्या रुग्णाच्या घरच्यांच्या हाती पडलं तर त्यांच्यासाठी दोन ओळी. मी केलं ते करू नका, गोळी आपल्या मनानं एकदम थांबवू नका. डॉक्टरांची तारीख लांब असेल तर १४४१६ ला फोन लावा, तो मनाच्या आजारात मदत करणाऱ्या सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलतात. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक, झोपेच्या, दुखण्याच्या, एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर उलट्या करा.

आमचं आता बरं चाललं आहे. हे पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. मशिनचा भाग आला तेव्हा मान खाली घातली, आणि शेवटी म्हणाले, "पाठव." मी अजून रोज रात्री झोपण्याआधी मशिनचा पट्टा चाकावरून उतरवून ठेवते. पुढची तारीख सोमवारची आहे. मी ह्यांच्याबरोबर आत येणार आहे, आणि या वेळी फाइल धरून मागे उभी राहणार नाही.

आपली नम्र,
एका रुग्णाची पत्नी
सांगली जिल्हा